काही विचारायचंय का तुम्हाला?

मुलाखतींचे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आपल्याकडे स्वयंपाकघरात पिशवीत पिशव्या कोंबून ठेवलेल्या असतात ना, तसे. एक काढायला जावं तर चार बाहेर पडतात. मी गेली बरीच वर्षं शिरूरच्या बाजूला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर बघते. राहायला दौंडला. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंना मी हे किस्से सांगायची. त्यांनी आता जागा बदलली आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

मुलाखतीत बाकी सगळं ठीक चालतं. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणतात. पण शेवटी मी एक प्रश्न विचारते आणि तिथे गाडी बंद पडते. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?"

"नाही मॅडम."

अरे, दिवसाचे आठ तास इथे काढायचेत, कदाचित अख्खी उमर काढायचीय, आणि काहीच विचारायचं नाही? हाच माणूस बाजारात गवार घेताना कुठली आहे, कधीची आहे, कोवळी आहे का, सगळं विचारतो. वर एक शेंग मोडून बघतो! नोकरी मात्र न बघता पिशवीत टाकतो.

*

कवठे येमाईचा एक मुलगा आला होता, ऑपरेटरच्या जागेसाठी. हुशार, नीटनेटका. शेवटी मी नेहमीचं विचारलं. त्याने खाली बघून बराच विचार केला. मला वाटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवणार.

"नाय मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही सगळं व्यवस्थित विचारलंत."

म्हणजे मीच पास झाले होते! मी म्हटलं, "बघा हं, कामाबद्दल, शिफ्टबद्दल, काहीही विचारा." पुन्हा "नाय मॅडम." उठला, नमस्कार केला आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबला. मागे वळला. मी पेन सरसावून बसले.

"मॅडम, फॅन बंद करू का जाताना?"

त्या अख्ख्या आठवड्यात मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न.

*

प्रश्न विचारणारे भेटत नाहीत असं नाही. पण ते उमेदवार नसतात, उमेदवाराचे वडील असतात.

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीतले एक काका रिटायर झाल्यावर मुलाला घेऊन आले. मी मुलाला आत बोलावलं, काकाच आधी येऊन खुर्चीत बसले. मुलगा मागे उभा. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला नोकरी म्हणजे काय हे पक्कं माहीत असतं. त्यांनी सुरुवातच केली. "पास कितीचा? क्वार्टर कुठं? दवाखाना आपला का बाहेरचा?"

मी सांगितलं, "काका, पास नाही, क्वार्टर नाही. इन्शुरन्स आहे."

काकांनी मुलाकडे असं बघितलं, जणू त्याने त्यांना फसवून इथे आणलंय. मग पुढे सरकले. "बरं, ह्याच्या माघारी ह्याच्या बायकोला काय?"

"लग्न झालंय का त्याचं?"

"नाही अजून."

"मग?"

"मग काय? झाल्यावर गेला तर?"

मागून मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "पप्पा, आधी नोकरी तर लागू द्या!"

*

तर अशा सगळ्या आनंदात आमच्या हेड ऑफिसने एक फतवा काढला. पुण्याहून प्रधान साहेब मुलाखतींना येतात. टाय, लॅपटॉप आणि पाण्याची स्वतःची बाटली. ते म्हणाले, "जो उमेदवार प्रश्न विचारत नाही, त्याला कामात इंटरेस्ट नाही. यापुढे प्रश्न विचारण्याला वेगळे मार्क. शून्य मिळालं की रिजेक्ट."

मी म्हटलं, "साहेब, पुण्यात ठीक आहे. इथे एकही पास होणार नाही."

"देन ट्रेन देम," साहेब म्हणाले आणि बाटलीचं झाकण लावलं. पुण्याच्या माणसाला सांगायला काय जातंय!

पहिला बळी गेला आमच्या सोपानचा. सोपान निमोण्याचा. प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, ठेकेदाराकडून लागलेला, चार वर्षं झाली. काम चोख, पण तोंड त्याहून चोख. शॉपवर त्याला गप्प करायला सुपरवायझर लागतो. क्रिकेट, निवडणूक, कॅन्टीनची आमटी, कशावरही तावातावाने भांडेल. त्याला कंपनीच्या रोलवर पर्मनंट करायची मुलाखत होती. समोर प्रधान साहेब, आमचे प्लँट हेड गायकवाड साहेब आणि मी. सोपानने सगळी उत्तरं झकास दिली. मग साहेबांनी विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

आणि हा बोलभांड एकदम देवळात आल्यासारखा झाला. हात जोडले. "न्हाई साहेब. तुम्ही मोठी मान्सं. तुम्हाला मी काय इचारनार?"

शून्य. रिजेक्ट.

मी बाहेर येऊन त्याला झापलं. "बाहेर एवढी टकळी चालते, आत काय झालं?"

"मॅडम, आमच्यात मोठ्यांनी इचारायचं आन् लहानानी सांगायचं. उलटं इचारलं की आई म्हणती, लई शाना झाला."

मग हळूच म्हणाला, "मॅडम, आता आप्पांना काय सांगू?"

आप्पा म्हणजे दौंड तालुक्यातले एक बागायतदार, आणि त्यांची मुलगी म्हणजे मनीषा. तिची आणि सोपानची पसंती झालेली. पण आप्पांची एकच अट होती: पोरगा पर्मनंट झाला की साखरपुडा. आमच्या भागात हल्ली पत्रिका नंतर बघतात. पहिला प्रश्न, पर्मनंट आहे का? सोपानसारखी कितीतरी पोरं ह्या एका शब्दापायी बिनलग्नाची बसली आहेत. माझा जीव तुटला, पण सही हेड ऑफिसची लागते. माझ्या हातात काय आहे? फॅनचं बटण!

*

पुढच्याच आठवड्यात गेटवरून फोन. "मॅडम, एक पाव्हणे आलेत. म्हणतात, कंपनी बघायचीय."

आप्पाच होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट. सोयरीक करण्याआधी घर बघतात, रान बघतात, विहिरीला पाणी किती ते बघतात. तसे आप्पा कंपनी बघायला आले होते. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. चहा येईपर्यंतही त्यांना दम नव्हता.

"ताई, पर्मनंट म्हंजी नक्की काय? कंपनी उद्या दुसऱ्या राज्यात गेली तर पर्मनंटचं काय व्हतं?"

मी उत्तर दिलं.

"बरं. हितं काम करून कोन रिटायर झालाय का? त्याचं नाव सांगा, मी त्याच्या घरी जाऊन येतो."

मी नावं सांगितली.

"माल कोन घेतं तुमचा? एकच गिऱ्हाईक हाय का दोन-चार? एकाच व्यापाऱ्याच्या जिवावर मी कांदा सुद्धा लावत न्हाई. आन् मशीनवर बोट जातं म्हनं पोरांचं. मागं कवा गेलं व्हतं? मंग तुम्ही काय सुधारलं?"

मी घाम पुसत होते. जे सगळं उमेदवाराने विचारावं म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतेय, ते ह्या माणसाने एका चहात विचारून टाकलं. ह्यांना प्रधान साहेबांनी दहापैकी अकरा दिले असते. मी अगदी मनापासून म्हटलं, "आप्पा, तुम्हीच या की मुलाखतीला!"

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"यीन की. पन ह्या वयात पर्मनंट व्हऊन काय करू? मला आता पोरगी कोन देनार!"

*

साहेबांनी ट्रेन करा म्हटलं होतं, म्हणून मी शिरूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये लेक्चर घेतलं. विषय: मुलाखत घेणाऱ्याला कोणते चांगले प्रश्न विचारावेत. खरं सांगते, मी जीव ओतला. फळ्यावर लिहून दिलं. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे? ह्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? मी कोणाच्या हाताखाली काम करणार? मला इथे काय शिकायला मिळेल? ही जागा का रिकामी झाली? प्रत्येकामागचं कारण समजावलं. पोरांनी फळ्याचे फोटो काढले. मी खूश होऊन घरी गेले.

त्यानंतरच्या मुलाखतींना पहिला मुलगा आला. पाचही प्रश्न विचारले. प्रधान साहेब चमकले, माझ्याकडे कौतुकाने बघितलं. दुसरा आला. तेच पाच, त्याच क्रमाने. तिसरा आला. तेच पाच, तोच क्रम, आणि माझ्याच आवाजातले चढउतार! गायकवाड साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

चौथ्याने विचारलं, "ही जागा का रिकामी झाली?"

गायकवाड साहेब कळवळून म्हणाले, "अरे बाबा, नवीन लाइन आहे! जागा भरलेलीच नव्हती. मशीन अजून ट्रकमधून उतरायचंय!"

"बरं साहेब," तो म्हणाला आणि मुठीत लपवलेल्या चिठोऱ्यात बघून पुढे गेला. सगळे प्रश्न एका दमात विचारले आणि उठलाच. मी म्हटलं, "अहो बसा, उत्तरं तरी ऐका!"

तो गोंधळला. "मॅडम, तुम्ही लेक्चरला फक्त विचारा म्हनला व्हता."

त्या दिवशी मी सेंटरवाल्यांना फोन करून सांगितलं की तो फळा पुसून टाका.

*

एक जण मात्र माझ्या लेक्चरला नव्हता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी केली होती. "काही विचारायचंय?" म्हटल्यावर त्याने खुर्चीत ताठ बसून थेट गायकवाड साहेबांना विचारलं, "सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

अहो, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारायचा असतो! व्हिडिओ कुठूनतरी अर्ध्यातून बघितला असणार. मी मध्ये पडणार एवढ्यात गायकवाड साहेबांनी हात वर केला. साहेब रिटायरमेंटला आलेले. त्यांना आयुष्यात कोणी हे विचारलंच नव्हतं. ते मागे टेकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "मी? मी डाळिंबात."

मग सुरू झाले. रान कुठे आहे, बोअरला पाणी कसं कमी पडतं, ठिबक कोणतं घ्यावं तेच कळत नाही. पोराच्या घरी डाळिंबच! तो टेबलावर बोटाने ठिबकच्या नळ्यांच्या ओळी काढून दाखवायला लागला. साहेब माझ्या पॅडवर टिपून घ्यायला लागले. बाहेर बाकावर उमेदवार ताटकळत होते, कॅन्टीनचं जेवण निवत होतं, आणि मी त्या दोघांच्या मध्ये बसून तेल्या रोगाची माहिती ऐकत होते.

ती जागा होती क्वालिटी इन्स्पेक्टरची. पोराला मायक्रोमीटर वाचता येत नव्हतं, त्यामुळे नोकरी काही मिळाली नाही. साहेबांना ठिबक मिळालं.

*

मधल्या काळात सोपानची दुसरी मुलाखत लागली. आप्पांकडे तोवर दुसरं स्थळ आलं होतं, पतसंस्थेत क्लार्क असलेला मुलगा, पर्मनंट. आप्पा सोपानला म्हणाले होते, "पोरा, तू मला आवडतोस. पन दिवाळीपर्यंतच थांबीन." मनीषा घरात जेवत नव्हती म्हणे.

मी सोपानला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. लेक्चरचे प्रश्न मुद्दाम दिलेच नाहीत, ते आता साहेबांना तोंडपाठ झाले होते. मी एवढंच सांगितलं, "सोपान, काहीही कर, पण गप्प बसू नकोस. प्रश्न विचार. आपुलकीने विचार. दोन-तीन तरी विचार."

"व्हय मॅडम, इचारतो. आता न्हाई घाबरत."

मुलाखत छान झाली. प्रधान साहेबांनी विचारलं, "काही विचारायचंय?" मी टेबलाखाली बोटं गुंफली.

सोपान पुढे झुकला. चेहऱ्यावर आपुलकी ओसंडत होती.

"साहेब, जेवन झालं का?"

साहेबांना कळेना. "हो... झालं."

"घरी समदी बरी हायेत का? पुन्यात पाऊसपानी कसाय?"

मी डोळे मिटून घेतले. निमोण्यात मोठ्या माणसाला विचारायचे जेवढे म्हणून प्रश्न असतात, तेवढे त्याने विचारले. नीट, मान देऊन, क्रमाने. शेवटचा होता, "परतीला गाडी हाय ना?"

साहेबांनी शून्य लिहिलं. मी भांडले, अगदी आवाज चढवून भांडले. म्हटलं, "चार प्रश्न विचारले त्याने! मोजा!" साहेब म्हणाले, "कामाशी संबंधित हवेत." गायकवाड साहेब पुटपुटले, "माझी तर घरीसुद्धा कोणी एवढी चौकशी करत नाही."

सोपान बाहेर आनंदात उभा होता. "मॅडम, समदं इचारलं! मानूस चांगला वाटला. हायेत बरी घरची." त्याला निकाल सांगताना मला रडू आलं. रागाचं होतं का कशाचं, कोण जाणे.

*

दिवाळी तोंडावर आली आणि तिसरी मुलाखत लागली. ही शेवटची हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा स्वतः गेटवर येऊन बसले होते, पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं घेऊन. निकाल ऐकूनच जाणार म्हणाले. इकडे नाही झालं, तर तिथूनच पतसंस्थेवाल्यांना फोन लावणार होते.

ह्या वेळी मी सोपानला काही शिकवलं नाही. मी हात टेकले होते. जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "माझे प्रश्न विसर, घरचे प्रश्न विसर. आतल्या माणसाबद्दल तुला खरोखर काय जाणून घ्यायचंय? तेच विचार."

तो थबकला. "खरंच इचारू?"

"खरंच विचार."

"राग आला तर?"

"आला तर आला! आणखी काय घालवायचं राहिलंय?"

आत तोच कारभार. तीच खुर्ची, तीच उत्तरं. प्रधान साहेब घड्याळ बघत होते. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "हं. काही विचारायचंय?"

सोपानने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, राग मानू नका. मी ठेकेदाराकडं लागलो तवा एक साहेब यायचे. ते म्हनले, पुढच्या साली करू तुला पर्मनंट. पुढच्या साली ते साहेबच न्हवते. मंग दुसरे आले. ते बी म्हनले, पुढच्या साली. ते बी गेले. आता तुम्ही हाय." त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. "तवा इचारतो. तुम्ही सोता पर्मनंट हाय का?"

गायकवाड साहेबांनी खोकला आल्यासारखं केलं आणि मग खोकायचं विसरले. मी लॅपटॉपच्या वायरकडे बघत राहिले. ह्या माणसासोबत मी इतके दिवस मुलाखती घेत होते आणि हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

प्रधान साहेबांनी बाटलीचं झाकण काढलं. पाणी न पिता परत लावलं.

"नाही," ते म्हणाले. "माझंही कॉन्ट्रॅक्ट दर मार्चला रिन्यू होतं."

सोपानने मान हलवली. त्यात शॉपवरची ऐट नव्हती आणि देवळातली भीतीही नव्हती. साहेबांनी समोरचा कागद जवळ ओढला. मग त्यांनी दहा लिहिले, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, लेटर आजच काढा."

सोपान उठला, खुर्ची आत सरकवली आणि दारापाशी जाऊन थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "काळजी करू नका. तुमचंबी व्हईल."